समर स्कूलच्या नावाखाली फसवणूक: पीएचडी करणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचा

सध्या परत समर स्कूलच्या (संशोधक विद्यार्थ्यांसाठी तज्ज्ञांच्या लेक्चर्सचा काही दिवसांचा कार्यक्रम) मेल्सचा सीझन सुरू झालाय आणि ज्यांनी मला फसवलं ते लोक नाव बदलून तोच धंदा परत करतायत, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मला आलेल्या मेलमध्ये माझ्या पोस्टरचं, म्हणजे कॉन्फरन्समध्ये मांडलेल्या संशोधनाच्या तक्त्याचं, पूर्ण शीर्षक होतं. त्या कॉन्फरन्सच्या ॲबस्ट्रॅक्ट बुकमधून (सारांशांच्या पुस्तिकेतून) उचललेलं, ते ऑनलाइन कोणालाही बघता येतं. 'तुमचं काम बघून निवड समितीने तुमचं नाव सुचवलंय' असं लिहिलेलं. विषय अगदी माझाच, जागा युरोपात समुद्रकाठी, पाच दिवस, आणि शिकवणाऱ्यांच्या यादीत अशी नावं की ज्यांचे पेपर आमच्या लॅबमध्ये सगळेच वाचतात. त्यांचे फोटो, युनिव्हर्सिटी, लेक्चरचा विषय सगळं बरोब्बर. माझ्या गाईडनीही यादी बघून 'जरूर जा' म्हणून सांगितलं. अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी सिलेक्शनचं पत्र हजर.

हे दुसऱ्या दिवशी येणं महत्त्वाचं आहे. खऱ्या समर स्कूलमध्ये असं सहसा होत नाही. फ्रेंच आल्प्समधलं ले झूशचं भौतिकशास्त्राचं समर स्कूल घ्या, सेसिल डेविट-मोरेट यांनी १९५१ साली सुरू केलेलं, किंवा अब्दुस सलाम यांनी १९६४ साली इटलीत ट्रिएस्टला उभं केलेलं आयसीटीपी हे भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र घ्या. अशा ठिकाणी अर्ज घेतात, बऱ्याचदा गाईडचं शिफारसपत्र मागतात, मुदत संपल्यावर सगळे अर्ज एकत्र बघतात आणि मग कळवतात, त्यात आठवडे जातात. आयसीटीपीच्या बऱ्याच कार्यक्रमांना तर रजिस्ट्रेशन फीच नसते. इथे शिफारसपत्र नाही, प्रश्न नाहीत, फक्त '४८ तासांत फी भरा नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल'.

फी भरायला गेलं की कार्डाचं पेज एरर द्यायचं. मेल केल्यावर उत्तर आलं की टेक्निकल प्रॉब्लेम आहे, बँकेतून वायर ट्रान्सफर करा. खातं स्कूलच्या नावाचं नव्हतंच, भलत्याच देशातल्या एका कंपनीचं होतं, विचारलं तर म्हणे ते आमचे लॉजिस्टिक्स पार्टनर. राहण्याचं पॅकेज त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती होती. ते भरून झाल्यावर व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राचे वेगळे पैसे मागितले. ते पत्र मोठं करून बघितलं तेव्हा डायरेक्टरच्या सहीभोवती फिकट करडा चौकोन दिसला आणि सहीखालून दुसऱ्याच कुठल्यातरी कागदाची छापील ओळ अर्धी कापलेली डोकावत होती.

तारीख जवळ आल्यावर मेल आला की अपरिहार्य कारणामुळे स्कूल ऑनलाइन होणार, फी परत मिळणार नाही. आणि हे त्यांनी अगदी ठरवून केलेलं असतं हे मला नंतर कळलं, कारण काहीच दिलं नाही तर तो उघड फ्रॉड होतो पण थोडंफार काहीतरी दिलं की 'सेवा दिली' असं म्हणायला ते मोकळे. लॉगिन मिळालं, आत रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. कोपऱ्यात एक पांढरा चौकोन टाकलेला, आणि कॅमेरा जरा सरकला की त्या चौकोनाच्या बाजूने खऱ्या युनिव्हर्सिटीच्या लोगोची कड दिसायची. वक्त्याचं नाव टाकून शोधलं तर तेच व्हिडिओ यूट्यूबवर जुने आणि फुकट पडलेले होते. प्रश्न विचारायला जो चॅट दिलेला त्यात कोणीच नाही.

त्या यादीतल्या एका प्राध्यापकांना मी त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या पेजवरच्या पत्त्यावर मेल केला. संध्याकाळीच उत्तर आलं, की त्यांनी या स्कूलचं नावही ऐकलेलं नाही आणि फोटो कोणी न विचारता लावलाय. खूप चिडले होते ते. मला वाटतं बाकी सगळ्या तपासण्या एकीकडे आणि हा एक मेल एकीकडे. एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं असा संकोच आपल्याला असतो आणि हे लोक नेमक्या त्या संकोचावर जगतात. दोन ओळी पुरतात, 'तुम्ही अमुक स्कूलमध्ये शिकवणार आहात असं दिसतंय, खरं आहे का'. पण पत्ता युनिव्हर्सिटीच्या पेजवरूनच घ्या, स्कूलच्या वेबसाइटवर दिलेला नको.

सर्टिफिकेटची गोष्ट वेगळीच. त्यावर ६ ईसीटीएस क्रेडिट (युरोपातल्या युनिव्हर्सिट्या अभ्यास मोजायला वापरतात ते गुण) लिहिलेले. युरोपच्या पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे ६ क्रेडिटला कमीत कमी १५० तास, आणि पाच अख्खे दिवसरात्र मोजले तरी १२० तासच होतात. शिवाय हे क्रेडिट एखादी युनिव्हर्सिटी किंवा मान्यता असलेली संस्था देते, या सर्टिफिकेटवर अशी कुठलीच संस्था नव्हती. आमच्या ऑफिसने ते स्वीकारलं नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

लॅबमधल्या एका मित्राने मग हूइजवर, म्हणजे वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं ते दाखवणाऱ्या सेवेवर, डोमेन (वेबसाइटचा पत्ता) बघितलं. वेबसाइटवर 'बारावं वर्ष' लिहिलेलं आणि डोमेन काही महिन्यांपूर्वी घेतलेलं. वेबसाइटची जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर जुन्या वर्षांचं एकही पान नाही. शेवटी डॉट ओआरजी आहे म्हणून विश्वास ठेवू नका, ते कोणीही विकत घेऊ शकतं.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली ओमिक्स या प्रकाशन आणि कॉन्फरन्स कंपनीवर दावा केला होता, त्यात न विचारता संशोधकांची नावं वापरून कॉन्फरन्सची जाहिरात करणं हाही मुद्दा होता, आणि २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली. तरी अशा जाहिराती चालूच आहेत.

पैशाचं म्हणाल तर वायर ट्रान्सफर एकदा समोरच्या खात्यात जमा झाली की परत येणं जवळजवळ त्या खातेदाराच्या मर्जीवर असतं, बँक रिकॉल (पैसे परत करण्याची विनंती) पाठवते आणि वाट बघते. कार्डाने भरलेलं असेल तर चार्जबॅक, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत पैसे परत, मागता येतो, त्याची मुदत बहुतेक वेळा साधारण १२० दिवस असते. म्हणून कार्ड चालत नाही म्हणणाऱ्याला वायर करूच नका. आणि स्कूल खरी असली तरी 'आम्ही अधिकृत हॉटेल बुकिंगवाले' असा फोन किंवा मेल आला तर आधी आयोजकांना विचारा, यादीतली नावं बघून असे तिऱ्हाईत लोक सहभागी होणाऱ्यांना गाठतात.

माझी तक्रार बँकेत आणि सायबर पोलिसांकडे दिलेली आहे, अजून निकाल नाही. त्या प्राध्यापकांच्या युनिव्हर्सिटीने नोटीस पाठवल्यावर त्यांचा फोटो निघाला, मग सगळी साइटच गेली, आणि आता तशाच डिझाइनची दुसरी दिसतेय, वेगळ्या विषयाची. तुम्ही कुठे आधीच पैसे भरले असतील आणि हे वाचून शंका येत असेल तर आजच सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या, मेल हेडरसकट (मेल कुठून आला ती तांत्रिक माहिती) सेव्ह करा, ट्रान्सफरची पावती काढून ठेवा आणि बँकेला लेखी कळवा. स्कूलवाल्यांना काही विचारायच्या आधी हे करा, कारण मी विचारल्यावर वक्त्यांच्या यादीचं पान त्याच रात्री बदललं होतं.