वासोटा ट्रेकच्या नावावर सोलापुरात पैसे उकळणाऱ्यापासून सावध राहा

ज्यांना सोलापूरहून ग्रुपने सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर जायचंय त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, कारण तो माणूस पेजचं नाव बदलून अजूनही जाहिराती टाकतोय.

इन्स्टावर जाहिरात होती. शनिवारी रात्री पार्क चौकातून टेम्पो ट्रॅव्हलर, रविवारी वासोटा, माणशी २२०० रुपये, त्यात बोट, वनखात्याची परवानगी, नाश्ता, जेवण, गाईड सगळं आलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येत होता, म्हणजे कोण काय विचारतंय ते बाकीच्यांना कळायलाच नको. क्यूआर स्कॅन केला की भलत्याच माणसाचं नाव यायचं, विचारलं तर म्हणे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. अर्धे आत्ता देतो म्हटलं तर परमिट कन्फर्म करायला पूर्णच लागतात, उद्या कोटा संपेल अशी घाई.

गाडी मात्र वेळेवर आली. इथेच त्याची खरी चलाखी आहे, गाडी दारात उभी राहिली की कुणाला संशय येत नाही. ट्रेक नेणारे साहेब साताऱ्यात चढतील असं ड्रायव्हरकाका म्हणाले. साताऱ्यात कुणीच चढलं नाही आणि फोन बंद.

तरी तसेच बामणोलीला, म्हणजे वासोट्याची बोट सुटते त्या गावाला गेलो. वनखात्याच्या ऑफिसात आमच्या ग्रुपची नोंदच नाही, तिथल्या माणसाने नीट सांगितलं की नावांची यादी आणि ओळखपत्रं बघून परवानगी इथेच मिळते, तुमच्यासाठी कुणी आलेलंच नाही. बोट क्लबवरही बुकिंग नाही, आणि बोटीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही. पुन्हा पैसे गोळा करायला बसलो तर नुकतीच नोकरी लागलेल्या दोन बहिणींकडे परतीपुरतेच उरलेले, एक रिटायर्ड गुरुजी होते ते म्हणाले मी भरतो पोरींचे. तिकडे ड्रायव्हरकाका पायरीवर डोकं धरून बसलेले, त्यांना फक्त जाण्याच्या डिझेलचे पैसे मिळालेले, बाकी साहेब देणार होते. मोबाईल दाखवला, त्याच नंबरला लावलेल्या कॉलची लाईन स्क्रीनभर. त्या गरीब माणसालाही याने सोडलं नाही याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

या सगळ्यात दुपार होत आली. बामणोलीहून बोटीने शिवसागर जलाशय ओलांडायलाच तास-दीड तास, पुढे दाट जंगलातला दोन-तीन तासांचा चढ, वर बाबूकडा हा उंच कडा बघून अंधाराच्या आत परत बोटीत यावं लागतं कारण आत मुक्कामाला बंदी आहे. कोयना अभयारण्य आहे ते, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, गवे अस्वलं फिरतात. आता सोडत नाही असं वनखात्याचे लोक म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. काठावर बसून घरनं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, वर्गणी काढून काकांना डिझेल टाकून दिलं आणि परत फिरलो.

पैसे द्यायच्या आधी बामणोलीच्या बोट क्लबला स्वतः फोन करून विचारा की अमुक तारखेला अमुक नावाने बोट आहे का, दोन मिनिटाचं काम आहे. गाडीच्या मालकाचा नंबर मागा आणि त्याला भाडं मिळालंय का ते विचारा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, ते सर्टिफिकेट मागा, टाळाटाळ केली की तिथेच थांबा. जाहिरातीतलं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर एक रुपयाही टाकू नका.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात रक्कम अडकवता येण्याची शक्यता जास्त. आम्ही परतीच्या वाटेतच लावला आणि सोलापुरात आल्यावर सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. ज्यांचे याच पद्धतीने गेलेत त्यांनी व्यवहाराचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्यावर येतो तो व्यवहार क्रमांक), चॅटचे आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट डिलीट न करता तक्रार नोंदवा, रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देऊ नका, २२०० साठी कोण पोलिसात जातंय याच भरवशावर त्याचा धंदा चाललाय.