दोन रॅम स्टिक, एकच सिरियल नंबर: माझे 27,750 रुपये कसे गेले

27,750 रुपये. त्यातले 21,500 रॅमचे (कॉम्प्युटरची मेमरी, ती पट्टीसारख्या स्टिकमध्ये येते), 5,800 प्रोसेसर पाण्याने गार ठेवणाऱ्या लिक्विड कूलरचे आणि 450 त्या दोघांच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टच्या ट्यूबचे. तीन महिने होत आले तरी हा हिशोब डोक्यातून जात नाही. चोरीचा पुरावा माझ्या हातात होता, मी तो वाचला होता, त्यावर प्रश्नही विचारला होता, आणि तरी पैसे देऊन बाहेर पडले. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेच आठवत राहतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे. बाकी सगळं लिहिते.

आधी हे स्पष्ट करते, की मी या बाबतीत अडाणी नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं आणि अल्बम डिझाइन करणं हा माझा घरून चालणारा व्यवसाय आहे, अकरा वर्षं झाली. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये 2019 साली पहिला पीसी मी स्वतःच्या हातांनी जोडला. तो अजून चालतो, पण 4के फुटेज त्याला झेपत नाही. म्हणून नवीन मशीन जुळवायला घेतलं. एएमडीचा रायझन 7 7700 प्रोसेसर, बी650 मदरबोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), सगळं दिवाळीच्या आसपास घेऊन झालं होतं. रॅम तेवढी राहिली. पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं आणि तो महिना महागात पडला.

कारण भाव. डीडीआर5 (रॅमची नवी पिढी) 6000 वेगाचं, दोन स्टिकचं 32 जीबीचं किट मी 2025 च्या जूनमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास बघून ठेवलं होतं. मग एआयच्या डेटा सेंटरांची मेमरीची मागणी वाढत गेली, चिपा बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं, आणि 2025 च्या दिवाळीनंतर भाव रोज बदलू लागले. डिसेंबरात मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. जानेवारीत तेच किट मला तीस हजारांच्या वर दिसत होतं. 8 फेब्रुवारीला दोन लग्नांचं काम द्यायचं होतं. "स्वस्ताच्या मागे लागलीस" असं मला घरातल्यांनीही ऐकवलं. त्यांना एवढंच विचारते, हातात काम असताना आणि मशीन अर्धवट पडलेलं असताना कोणी 21,500 म्हणालं, तर तुम्ही गेला नसता?

17 जानेवारी, संक्रांतीनंतरचा शनिवार. एम.जी. रोडला चार दुकानं फिरले. तीन ठिकाणी माल नव्हता, चौथ्याने 33,000 सांगितले. आमच्या फोटोग्राफर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका दुकानाची यादी फिरत होती, वर लिहिलेलं, "जुन्या भावाचा स्टॉक". एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा. गेले.

"भाव वाढायच्या आधीचा माल आहे ताई, दोनच किट उरलेत." ही टेप तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. मीही ऐकली होती.

खोक्याचं सील त्यानेच फोडलं, मी हात पुढे करायच्या आत. सील नेहमी स्वतः तपासा आणि स्वतः फोडा, कोणालाही फोडू देऊ नका. आत काळ्या हीटसिंकच्या (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या कवचाच्या) दोन स्टिक. मला सवय आहे, मी स्टिक उलटून स्टिकर वाचते. पहिलीचा सिरियल नंबर वाचला, शेवटचे चार अंक 4417. दुसरी उलटली. 4417. पहिली परत बघितली. मग पूर्ण नंबर एकाखाली एक धरून ताडून पाहिला. अंक न अंक सारखा.

दोन स्टिकवर एकच सिरियल नंबर. म्हणजे स्टिकर कुठेतरी छापून चिकटवलेले. मला हे त्या क्षणी कळायला हवं होतं, आणि खरं सांगते, कळलंही होतं. पोटात धस्स झालं होतं. मी म्हटलं, "दादा, दोन्हींवर एकच नंबर कसा काय?" तो मान वर न करता म्हणाला, "किट आहे ना ताई. किटचा नंबर एकच असतो, म्हणून तर मॅच्ड पेअर म्हणतात."

आणि मी "बरं" म्हटलं.

मॅच्ड पेअर म्हणजे एकत्र तपासून विकलेली जोडी. सिरियल नंबर सहसा प्रत्येकीचा वेगळा असतो. माझ्या 2019 च्या मशीनमधल्या दोन स्टिकचे नंबर एकापुढे एक आहेत, शेवटचा अंक तेवढा बदलतो. हे मला माहीत होतं! पण माझ्या मागे एक माणूस हातात नोटा घेऊन उभा होता आणि म्हणत होता, "यांना नको असेल तर मला द्या." तो खरंच गिऱ्हाईक होता की त्याच दुकानाचा, देव जाणे. मला एवढंच सुचलं की हे किट गेलं तर 33,000 मोजावे लागतील. तिथल्या तिथे, काउंटर मागे दिसेल असा दोन्ही स्टिकरांचा एक फोटो काढला असता तर आज माझी बाजू दगडासारखी भक्कम असती. मी फोटो घरी येऊन काढला, संध्याकाळी सहाला. आता तो म्हणतो, स्टिकर तुम्हीच बदलले.

कूलरही त्यानेच गळ्यात मारला. "रायझन तापतं ताई. नाशिकचा मे महिना बघा, खोक्यातला पंखा टिकायचा नाही." आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो आणि तेव्हाच माझी रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून घेणं) चाललेली असतात. त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. 7700 हा 65 वॅटचा, म्हणजे तसा कमी तापणारा प्रोसेसर आहे. त्याच्या खोक्यात एएमडीचा रेथ प्रिझम कूलर येतो आणि या प्रोसेसरला तो पुरतो. तो माझ्या घरात पिशवीसकट पडलेला होता आणि मी त्यावर 5,800 चा दुसरा घेतला.

मग बिल. "पक्कं हवं तर 18 टक्के वर पडतील." 27,750 वर 4,995. मी कच्च्या चिठ्ठीवर तयार झाले. यावरून मला ऐकवणाऱ्यांनी आधी आपापली बिलं काढून दाखवावीत. 20,000 क्यूआर कोडवर दिले आणि 7,750 रोख. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं, तेही वाचलं आणि पुढे पिन टाकला. पैसे घेणाऱ्याचं नाव पाटीवरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. आणि रोख एक रुपयाही देऊ नका. माझे ते 7,750 कागदावर कुठेच नाहीत.

घरी कूलर उघडला तर प्रोसेसरवर बसणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर पेस्टच नाही. नवीन लिक्विड कूलरला बहुतेक वेळा ती कारखान्यातूनच लावलेली असते. इथे पट्टी पुसलेली, तिच्यावर गोल-गोल बारीक ओरखडे. 450 ची ट्यूब मला वेगळी का विकली, ते तेव्हा समजलं. माल वापरलेला होता.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी. डीडीआर5 आणि माझ्यासारख्या एएम5 बोर्डावर पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्डाने रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं जातात, म्हणून घाबरले नाही. चालू झालं ते 6000 ऐवजी 4800 वेगावर. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पोचं प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी तयार सेटिंग, शोधलं, तर ते नाहीच. फोन केला. म्हणाला, "हाताने 6000 टाका, व्होल्टेज 1.35 करा." केलं. मशीन उठेना, शेवटी सीमॉस क्लिअर करून बायोसची सेटिंग पुसावी लागली. 4800 वर ठेवलं तर रेंडर मध्येच निळी स्क्रीन. मेमटेस्ट86 हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं, चाळीस मिनिटांत 212 एरर.

सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या एसपीडी या टॅबमध्ये स्टिकच्या आतली खरी माहिती दिसते: कोणी बनवली, पार्ट नंबर काय, कुठल्या वर्षी आणि आठवड्यात. स्टिकरवर काहीही छापता येतं. एसपीडीही बदलता येतं म्हणतात, पण माझ्या दुकानदाराने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. दुसऱ्या स्लॉटमध्ये एका कंपनीची स्टिक, चौथ्यात दुसऱ्याच कंपनीची, दोन्ही 4800 च्या. मेमरीच्या टॅबमध्ये 2400 दिसलं तर गोंधळू नका, डीडीआरमध्ये तो आकडा दुप्पट धरायचा असतो. खऱ्या 6000 ला तिथे 3000 दिसायला हवं.

कूलरचं तर विचारूच नका. काहीही न करता 71 अंश, रेंडरला 95, आणि वेग घसरायला सुरुवात. एक नळी हाताला चटका देणारी, दुसरी गार, म्हणजे आतलं पाणी फिरतच नव्हतं. बायोसमध्ये पंपाचे फेरे मधूनच शून्यावर यायचे. वैतागून तो काढला आणि खोक्यातला रेथ प्रिझम बसवला. तेच रेंडर, 82 अंश.

मग एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे 600 रुपये देऊन हीटसिंक उघडून घेतली. आत तयार ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये येतात तशा साध्या हिरव्या स्टिक, मूळ स्टिकर फाडल्याचा गोंद तसाच. लिक्विड कूलरच्या स्टिकरखालचा स्क्रू झिजलेला, म्हणजे उघडून पुन्हा भरलेला.

21 जानेवारीला दुकानात गेले. "हीटसिंक तुम्ही उघडली, वॉरंटी संपली." बराच वाद झाल्यावर म्हणाला, सगळा माल ठेवून जा, 6,000 देतो. 27,750 च्या मालाचे 6,000! मी नकार दिला. घरच्यांच्या मते तेव्हाच घ्यायला हवे होते. मला नाही वाटत. आणि हीटसिंक उघडण्याबद्दल म्हणाल, तर उघडली नसती तर तो म्हणाला असता, "आत चांगलाच माल आहे."

ज्या कंपनीचं नाव स्टिकरवर होतं तिला चार ईमेल केले. उत्तर आलं की हा नंबर आमच्या नोंदीत दुसऱ्याच मालावर आहे, विक्रेत्याशी बोला. माल बनावट आहे असं लेखी द्या म्हटलं, तर त्यानंतर मौन.

आता पोलीस. ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बाकावर. मग विचारलं, "एवढ्याशा पट्टीला एकवीस हजार? मॅडम, घेताना विचार करायचा ना." शेजारचा हसला. "घरून कोणी सोबत नाही आलं?" मी बेचाळीस वर्षांची बाई, माझ्या कमाईचे पैसे, आणि मला विचारतात सोबत कोण आलंय. पुढे, "पक्कं बिल नाही, म्हणजे तुम्हीही टॅक्स चुकवलाच ना?" त्या एका वाक्याने मी गप्प झाले, आणि त्याची मला अजून शरम वाटते. शेवटी, "हे दिवाणी आहे, इथे होणार नाही. पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबरला जा."

सायबरला गेले. "व्यवहार दुकानात समोरासमोर झालाय, हा सायबर गुन्हा नाही. ठाण्यात जा." बँकेत गेले. "पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही." परत ठाण्यात. आता दुसरे साहेब. "सगळे कुंभमेळ्याच्या कामात आहेत, पंधरा दिवसांनी या." पंधरा दिवसांनी गेले तर अर्जच सापडेना. फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा गुन्हा आहे, तो दिवाणी कसा होतो, हे मला एकानेही सांगितलं नाही. एखाद्याने शंभर लोकांना वीस-वीस हजारांना लुटलं तर ते वीस लाख होतात, पण प्रत्येक जण एकटा येतो आणि प्रत्येकाला "रक्कम लहान आहे" म्हणून परत पाठवतात. या लोकांचा धंदा त्यावरच चालतो, आणि ठाण्यातल्या त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, त्याशिवाय तिथून उठू नका. गुन्हा नोंदवला नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. मी ती पाठवली आहे. उत्तर नाही.

एका वकील मैत्रिणीने मार्ग दाखवला. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, मग ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरची यादी आणि त्याच्याशी झालेलं बोलणं जोडलं आहे. म्हणून चॅट डिलीट करू नका. 7,750 रोख कसे सिद्ध करायचे ते मला अजून कळलेलं नाही.

फेब्रुवारीतल्या दोन लग्नांपैकी एक काम हातचं गेलं, 14,000 चं. दुसरं जुन्या मशीनवर रात्री जागून केलं.

रॅम घ्यायची असेल तर आपल्या मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर त्या बोर्डावर तपासून पाहिलेल्या रॅमची यादी असते, त्यातला पार्ट नंबर लिहून न्या. पैसे द्यायच्या आधी दुकानातच मशीनला लावून सीपीयू-झेड दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर उठा, भाव कितीही कमी असो. घाईत चार स्टिक भरू नका, दोन घ्या, डीडीआर5 चार स्टिकवर सहसा वेग टिकवत नाही.

दोन्ही स्टिक, कूलर आणि ती अर्धी ट्यूब एका खोक्यात टेप लावून कपाटात ठेवली आहे. 2026 च्या जानेवारीत नाशिकमध्ये कोणी "जुन्या भावाचं" डीडीआर5 किट घेतलं असेल, तर कृपा करून मशीन बंद करून स्टिक काढा आणि उलटून बघा. शेवटचे चार अंक 4417 असतील तर मला कळवा. एकाच प्रकारे फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझी तारीख अजून लागायची आहे.