‘द लायन किंग’: हिंदीतून की इंग्रजीतून?

२०१९ साली प्रदर्शित झालेला ‘द लायन किंग’ हा संगणकनिर्मित चित्रपट मुलाबाळांसह हिंदीतून पाहावा की मूळ इंग्रजीतून, यावर आम्हा कोल्हापूरकर प्रेक्षकांत अजूनही दोन तट आहेत. इंग्रजीत मुफासाला, म्हणजे सिंहांच्या राजाला, जेम्स अर्ल जोन्स यांचा, १९९४ च्या चित्रपटातही ऐकलेला, धीरगंभीर आवाज आहे आणि तो ऐकताना अंगावर काटा येतो. परंतु आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवाला ते संवाद उमगत नाहीत आणि तो सारखा ‘काय म्हणाला?’ असे विचारत राहतो. हिंदीत मुफासाला शाहरुख खान यांचा आणि त्याच्या छाव्याला, सिंबाला, शाहरुख यांचा मुलगा आर्यन याचा आवाज असल्याने बापलेकाच्या नात्याला आपसूक ओलावा येतो. शिवाय सिंबाचे गमत्ये मित्र, म्हणजे संजय मिश्रा यांच्या आवाजातला रानडुक्कर पुम्बा आणि आपल्या श्रेयस तळपदे यांच्या आवाजातला मुंगसासारखा टिमॉन, बोलू लागले, की बच्चेकंपनीबरोबर मोठ्यांनाही हसू आवरत नाही.

प्राण्यांचे चेहरे इतके हुबेहूब आहेत की त्यांवर भावच उमटत नाहीत, ही तक्रार मात्र दोन्ही गटांची आहे आणि ती रास्त आहे. निपचित पडलेल्या बापाला सिंबा ढोसून उठवू पाहतो, तेव्हा सारी भिस्त आवाजावरच असते. म्हणूनच लहान मूल सोबत असल्यास मी हिंदीचाच आग्रह धरीन.