बटणं ठेवायची की काच घ्यायची?

‘मावशी, टूजी बंद होणार आता. हा डबा फेका, टच घ्या.’

चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून आई एमजी रोडवरच्या एका दुकानात गेली होती, आणि हे ऐकून परतली. दिंडोरीला पोचेपर्यंत एसटीत तिने फोन पिशवीतून बाहेर काढलाच नाही म्हणे. रात्री मला विचारते, ‘उद्यापासून माझा फोन लागायचा नाही का रे?’

लागेल. टूजी म्हणजे साधे बटणांचे फोन चालतात ते जुनं नेटवर्क. ते अमुक दिवशी बंद, अशी तारीख सरकारने दिलेली नाही. टूजी-थ्रीजी पूर्ण बंद करण्याचं धोरण आणा, असं जिओने जानेवारी २०२४ मध्ये ट्रायला, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवलं होतं. पण जिओकडे टूजी मुळातच नाही. २०१६ ला आले तेच फोरजी घेऊन, तेव्हा त्यांनी तसं म्हणणं साहजिक आहे. एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी गुंडाळलं आणि टूजी ठेवलं, कारण बटणांच्या फोनवर बोलणारं गिऱ्हाईक अजून मोठं आहे. म्हणजे आपल्याकडे मधला आधी गेला आणि थोरला अजून ओसरीवर बसून आहे. ऑस्ट्रेलियात टूजी कधीच संपलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस थ्रीजीही गेलं, आणि ज्या फोनवरून तिथला आणीबाणीचा ००० नंबर लागणार नव्हता ते फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घेणंच थांबवलं. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही, पण दिशा तीच आहे. कंपन्या टूजीच्या लहरी हळूहळू फोरजीकडे वळवतात, त्यामुळे टूजी एका रात्रीत मरणार नाही, विरत जाईल.

म्हणून चालता फोन फेकू नका. पण फोन बिघडलाच असेल आणि नवा घ्यायचाच असेल, तर पुन्हा टूजीचा घेण्यात अर्थ नाही. आईच्या बाबतीत पिन दुसऱ्यांदा गेली होती, म्हणून मी बदलायला बसलो. समोर तीन वाटा होत्या: एका कंपनीला बांधलेला स्वस्त फोरजी फोन, कुठलंही सिम चालणारा बटणांचा फोरजी फोन आणि साधासा स्मार्टफोन.

आधी एक गैरसमज काढून टाकू. जुना फोन ठेवला म्हणून रिचार्ज स्वस्त पडत नाही. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून कंपन्यांना नेट नसलेले, फक्त बोलणं आणि एसएमएसचे प्लॅन द्यायला लावले. २०२५ च्या सुरुवातीला ते आले तेव्हा एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि ३६५ दिवसांचा १,८४९ रुपयांना होता. जिओचा ८४ दिवसांचा ४४८. पुढे दर हलतात, रिचार्ज मारताना बघून घ्या. मुद्दा एवढाच की हा प्लॅन टूजी फोनलाही तोच आणि फोरजी फोनलाही तोच. आईला दर महिन्याला नेटसकटचं रिचार्ज मारून देणारा आमच्या गावातला पोरगा हे सांगत नव्हता. त्याला तरी कोणी सांगितलं असेल का, देव जाणे.

आता पहिली वाट. जिओ भारत हा बटणांचा फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला. त्याचा १२३ रुपयांचा प्लॅन २८ दिवसांचा, त्यात हवं तेवढं बोलणं आणि १४ जीबी नेट. वर्षात अशी तेरा रिचार्ज, म्हणजे १,५९९ रुपये. समोर एअरटेलचे १,८४९. वर्षाला अडीचशेचा फरक, शिवाय फोनच दुसऱ्या वाटेवरच्या फोनपेक्षा दीड हजाराने स्वस्त. नुसत्या पैशाच्या हिशोबात हा जिंकतो, त्यात वाद नाही. त्यात यूपीआय आहे, गाणी आहेत. ज्या घरात आधीच जिओचं सिम आहे आणि माजघरात बसूनही त्याची रेंज मिळते, त्यांनी पुढचं वाचण्याची गरज नाही. हाच घ्यावा.

अडचण इतरांची. या फोनला दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही आणि १२३ चा प्लॅन दुसऱ्या फोनला चालत नाही, म्हणजे दोघं एकमेकांना बांधलेले. आईचा नंबर गेली पंधरा वर्षं दुसऱ्या कंपनीचा आहे. बँक, आधार, गॅस, सगळीकडे तोच नंबर दिलेला. नंबर पोर्ट करता येतो, पण उद्या परत फिरायचं ठरलं तर नंबर येईल, फोन मागेच राहील. सत्तरीच्या बाईला दोनदा नवीन फोन शिकवायची माझी तयारी नव्हती.

दुसरी वाट, मोकळा फोरजी बटणांचा फोन. मला विचाराल तर बहुतेक घरांचं उत्तर हेच, पण विकत घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. जुलै २०२३ मध्ये नोकिया ११० एकाच वेळी दोन रूपांत आला. एक टूजी, १,६९९ ला. दुसरा फोरजी, २,४९९ ला. नाव तेच, दिसायला भाऊ-भाऊ. खोक्यावर ‘फोरजी’ लिहिलंय का ते स्वतः वाचा, काउंटरवरच्या शब्दावर जाऊ नका.

आणि नुसतं फोरजी पुरत नाही, ‘व्होल्टे’ पाहिजे. फोरजी मुळात नेटसाठी, त्यावरून बोलणं नेण्याची सोय म्हणजे व्होल्टे. ती नसेल तर नेट फोरजीवर चालतं आणि फोन लावला की हँडसेट गुपचूप टूजीवर उतरतो. आज ते कळतही नाही. टूजी गेलं की नेट चालेल आणि बोलणं बंद! काही जुन्या फोरजी स्मार्टफोनांत हीच गोम असते, सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा. दुकानातच आपलं सिम घालून बघायचं, वर व्होल्टेची खूण येते का, आणि तिथूनच एक फोन लावायचा. फोन लावताना ती खूण गेली तर खोकं परत सरकवायचं.

बीएसएनएलवाल्यांसाठी आणखी एक. त्यांचं स्वदेशी फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं. ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. बँड म्हणजे लहरींचा पट्टा. ७०० म्हणजे बँड २८, आणि तो प्रत्येक स्वस्त फोनमध्ये असतोच असं नाही. सुरगाणा-पेठकडच्या ज्या पाड्यात बीएसएनएलच लागतं, तिथल्या माणसाने बँड २८ नसलेला फोन नेला तर फोरजी असून नसल्यासारखं. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत बँड लिहिलेले असतात.

या वाटेतलं उणं म्हणजे बॅटरी. आईचा जुना फोन आठवड्यातून एकदा, रविवारी चार्जिंगला लागायचा. नवा तिसऱ्या दिवशी मान टाकतो. आवाज मात्र इतका स्वच्छ की पहिल्या दिवशी तिला वाटलं, मी शेजारच्या खोलीतूनच बोलतोय.

स्मार्टफोनबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझा फोन चार दिवस तिच्याकडे ठेवून बघितला. कांदा काढून आलेली बोटं, अंगठ्याला भेगा. ती काचेवर अंगठा दाबते, काच हलत नाही. मग जोरात दाबते, तर भलतंच उघडतं. फोन वाजला की हिरवं बटण वर ओढायचं, ते तिला चौथ्या दिवशीही जमलं नाही. जुन्या फोनवर मात्र चष्मा न घालता पाचच्या आकड्यावरचा उंचवटा चाचपून तिचं बोट बरोबर दोनवर जातं. दोन दाबून धरलं की मी, तीन म्हणजे ताई, चार म्हणजे मामा. ‘मला हे घासायचं जमत नाही बाबा,’ म्हणाली आणि फोन उशाला ठेवून झोपली.

नातवंडांना व्हिडिओवर बघायची हौस तिला स्वतःला असती, तर मी वेगळं लिहिलं असतं. शेजारच्या काकूंना आहे, त्या सराईतपणे चालवतात. इच्छा म्हाताऱ्या माणसाची पाहिजे, मुलाची नको. पैसे पाठवायला टच लागतो हेही पूर्ण खरं नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणलं, त्यात नुसता फोन लावून व्यवहार होतो. आणि स्मार्टफोन दिलाच, तर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला लावून द्या.

एका गोष्टीकडे दुकानदारही बघत नाहीत, ती म्हणजे विहिरीच्या पंपाच्या मोटारीचा स्टार्टर. निफाडला मामांच्या विहिरीवर पेटीत एक सिम बसलंय. रात्री थ्री फेज वीज आली की मामा घरून फोन लावतात आणि मोटार सुरू होते. अंधारात द्राक्षबागेतून जायला नको, बिबट्याची धास्ती नको. असे बरेच जुने स्टार्टर फक्त टूजीवर चालतात, जिओचं सिम घातलं तर पेटी मुकी राहते. हातातला फोन बदला नाहीतर ठेवा, पेटीला त्याचं काही नाही. पण टूजी विरळ झालं की पहिला फटका या पेटीला बसेल, कारण तिला खिडकीपाशी नेऊन रेंज शोधता येत नाही. मामांना म्हटलं, चालतोय तोवर चालवा, मात्र यंदा दुरुस्तीला तीन-चार हजार मागितले तर देऊ नका, त्यात भर घालून फोरजीचा स्टार्टर बसवा. ‘तुझ्या आईचा फोन आधी बघ,’ म्हणाले.

आईला शेवटी मोकळा फोरजीच घेतला. सिमही बदलावं लागलं, जुनं फोरजीचं नव्हतं. आणि इथेच मी चुकता चुकता राहिलो. तिचे सगळे नंबर फोनमध्ये नव्हते, सिमवर होते. नवं सिम कोरं येतं. आधी जुन्या फोनच्या मेन्यूत जाऊन सगळे नंबर सिमवरून फोनवर कॉपी करायचे, फोन बंद पडला असेल तर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून वहीत उतरवायचे, आणि मगच जुनं सिम बंद करायला सांगायचं. आईचे एकशे सहा निघाले. त्यात ‘मोटारवाला’ तीन होते, तिलाच विचारून एक ठेवला.

सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार खात्याचाच तसा नियम आहे. त्यामुळे बँकेचा ओटीपी नाही आणि गॅसवाल्याला सांगायचा कोडही नाही. आम्ही सिम बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर दारात. आईने नवा फोन त्या पोराच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘तूच शोध बाबा त्यात.’