मागांच्या खडखडाटात सिस्को १८४१: आठ महिन्यांनंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटर, कॅमेरे आणि नेट बघतो. सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा द्यायचं ठरवलं तेव्हा पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभारून सराव करायचं सॉफ्टवेअर, फुकटात मिळत असताना मी सिस्कोचा सेकंडहँड १८४१ राऊटर आणि २९६० स्विच घेतला. लॅपटॉपवरून त्यांना हुकूम द्यायची कन्सोल केबल धरून साडेपाच हजार. राऊटरचं मॉडेल २००४ सालचं. मित्र बघून म्हणाला, "काय बे, हे डबडं कशाला आणलंस?"

राऊटरच्या पंख्याच्या आवाजाबद्दल लोक फार कुरकुरतात. आमचं घर पूर्व भागात, भिंतीपलीकडे चार माग. ते बंद झाले तरच राऊटर ऐकू येतो. उन्हाळ्याचं मात्र खरं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूसच टिकत नाही, तिथं यंत्राला काय सांगायचं! सराव पहाटे ५ ते ७, नंतर प्लग काढून ठेवायचा.

पहिला आठवडा पासवर्डनं खाल्ला. आधीच्या मालकाचं कॉन्फिगरेशन, म्हणजे सगळी सेटिंग, तसंच होतं आणि विकणाऱ्याला पासवर्ड माहीत नव्हता. उपाय ठरलेला आहे: राऊटर चालू करून पहिल्या मिनिटात ब्रेकचा (थांब म्हणायचा) संकेत द्यायचा, रॉममॉन या दुरुस्तीच्या मोडमध्ये रजिस्टर, म्हणजे सुरू होताना काय करायचं ते सांगणारा आकडा, ०एक्स२१४२ करायचं, की सुरू होताना तो जुनं कॉन्फिगरेशन वाचतच नाही. माझ्या लॅपटॉपला ब्रेकचं बटणच नाही! राऊटरशी बोलायला वापरतात त्या पुट्टी सॉफ्टवेअरच्या मेन्यूत स्पेशल कमांडखाली ब्रेक असतो, हे कळायला दोन रात्री गेल्या.

पुढची चूक सर्वस्वी माझी. आत शिरलो, नवीन पासवर्ड टाकला, राइट मेमरी ही सेव्ह करायची कमांड दिली. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि राऊटर कोरा. पुन्हा सगळं टाइप केलं, पुन्हा लाइट गेली, पुन्हा कोरा. सेव्ह न केलेलं रॅममधलं कॉन्फिगरेशन वीज गेली की जातं, हे ठाऊक होतं. पण मी तर सेव्ह केलं होतं. फ्लॅश खराब म्हणून विकणाऱ्याला फोनवर सुनावलंसुद्धा. शेवटी राऊटरची माहिती दाखवणाऱ्या शो व्हर्जन कमांडची अगदी खालची ओळ वाचली: रजिस्टर अजून २१४२ वरच. ते परत नेहमीचं २१०२ केलं नव्हतं. कॉन्फिगरेशन वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅम मेमरीत सुखरूप होतं, राऊटर फक्त तिकडे बघत नव्हता. विकणाऱ्याची माफी मागितली. तो हसला, वर एक जादा केबल दिली. पॅकेट ट्रेसरमध्येही हे करता येतं म्हणे, पण तिथं माझी अशी झोप उडाली नसती.

स्विचनंही असाच धडा दिला. स्टार्टअप कॉन्फिग (सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन) पुसून रीलोड केलं तरी जुने व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क, जागच्या जागी. ते फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलीत असतात, ती वेगळी उडवावी लागते. आणि नवा माणूस असाल तर पहिल्याच दिवशी नो आयपी डोमेन लुकअप ही कमांड टाका. नाहीतर कमांडचं एक अक्षर चुकलं की राऊटर त्याला कुठल्या तरी मशीनचं नाव समजून शोधत बसतो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता.

आता उणी बाजू. ओएसपीएफ म्हणजे राऊटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत; एकाच राऊटरवर ती कुणाशी बोलणार? तीन-चार राऊटरची मांडणी मी पॅकेट ट्रेसरमध्येच केली, आणि परीक्षेत आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे ज्यात हे रस्ते येतात त्या भागाला, २५ टक्के वजन आहे. ऑटोमेशनच्या १० टक्क्यांत आणि वायरलेसमध्ये या संचाचा उपयोग शून्य. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे लहान तुकडे पाडायचं गणित, तर कागदावरच. /२६ आकाराचा तुकडा म्हटलं की ६२ होस्ट (जोडता येणारी यंत्रं) तोंडावर यायला हवेत, कारण वेळ १२० मिनिटं आणि सोडलेल्या प्रश्नाकडे मागे वळता येत नाही.

परीक्षा पुण्यात दिली. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती. पास झालो, पण ऑटोमेशननं घाम काढला.

पुन्हा घ्यायचं झालं तर आधी स्विच घेईन. कारखान्यात रोज हात लागतो तो व्हीलॅन आणि ट्रंकलाच (अनेक व्हीलॅन एका केबलवरून नेणारी जोडणी). राऊटर घेणारच असाल तर पैसे देण्याआधी समोर चालू करून शो व्हर्जन दाखवायला सांगा, आणि शेवटच्या ओळीपर्यंत खाली या.