लोकलसेंडवर अख्खी लग्नसराई काढली, म्हणून लिहितोय

अमळनेरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. तीन कॉम्प्युटर, एक पुढे काउंटरला, एक एडिटिंगचा, एक अल्बम डिझाईनचा, आणि सीझनमध्ये दिवसभर एकच ओरडा, पेनड्राईव्ह कोठे शे रे भो. त्यात हळदीचा एकेक व्हिडिओ ४ जीबीच्या वर जातो आणि फॅट३२ (जुन्या पद्धतीच्या फॉरमॅट) वाल्या पेनड्राईव्हवर तेवढी मोठी फाईल बसतच नाही. कॉम्प्युटरचं फोल्डर शेअर करून पाहिलं होतं, पण मधेच पासवर्ड मागायचं, कोणता टाकायचा ते पोरांना कळायचं नाही, काम तिथंच अडायचं.

मग लोकलसेंड टाकलं, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर थेट फाईल पाठवायचं ॲप. फुकट आहे, ओपन सोर्स आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), जाहिरात नाही, अकाउंट काढायचं नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन सगळ्यांवर चालतं, फक्त दोन्ही मशीन एकाच नेटवर्कवर पाहिजेत. उघडलं की प्रत्येक मशीनला आपोआप कुठल्यातरी फळाबिळाचं नाव पडतं, ते सेटिंगमध्ये बदलून आम्ही काउंटर, एडिटिंग, अल्बम असं करून टाकलं, आता पोरगा नाव बघून फाईल टाकतो, समोरच्यानं ॲक्सेप्ट दाबलं की झालं.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे याला इंटरनेट लागत नाही. मे महिन्यात ऐन दुपारी लाईट जाते, लाईनीचं नेटही जातं, पण आमचा राऊटर आणि मशीनी इन्व्हर्टरवर, त्यामुळे फोटो इकडून तिकडे चालूच. एकदा नवरीचा भाऊ पुण्याला निघायच्या घाईत आला, त्याच्याकडे आयफोन, त्यात ॲप होतंच, त्याला आमच्या वायफायवर घेतलं आणि निवडलेले दीडशे फोटो फुल साईजमध्ये दिले, चॅटवर पाठवले की फोटो दाबले जातात तसं नाही. त्यानं तिथंच झूम करून आईच्या नथीतला मोती पाहिला, लई खुश झाला.

मशीन दिसत नसेल तर आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क पब्लिकचं प्रायव्हेट करा, फायरवॉलमध्ये लोकलसेंडचा ५३३१७ पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हीला मोकळा ठेवा, आणि राऊटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्या मशीनी एकमेकांना दिसू न देणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा. आमचा पूर्ण एक दिवस यातच गेला होता.

स्पीड तुमच्या वायरिंगवर आहे. जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर (मशीनी केबलनं जोडायचा डबा) ४० जीबीला तासभर लागतोच, गिगाबिट स्विच आणि चांगली केबल टाका, मग फरक बघा. क्विक सेव्ह (ॲक्सेप्ट न दाबता फाईल आपोआप घेणारी लोकलसेंडची सेटिंग) मात्र बाहेरच्या वायफायवर बंदच ठेवा, नाहीतर कोणीही न विचारता फाईल टाकेल.

आणि हे बॅकअपचं सॉफ्टवेअर नाही, पाठवलं की विषय संपला. फोल्डर आपोआप सारखं राहायला पाहिजे तर सिंकथिंग घ्या, तेही फुकट आहे, पण त्यात एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडचंही जातं, म्हणून फाईल व्हर्जनिंग (डिलीट झालेल्या फाईलची जुनी प्रत ठेवणारी सेटिंग) चालू करूनच लग्नाचा डेटा त्यात टाका.