केळीच्या गटात नेमकं उत्तर: व्हॉट्सअ‍ॅप बरं की टेलिग्राम?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीवाल्यांचा नवा गट सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सभासद किती मावतील ते विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात १०२४, टेलिग्रामच्या गटात दोन लाख. एका तालुक्याच्या गटाला दोन्ही पुरून उरतात. खरा फरक पडतो तो उत्तर देण्याच्या सोयीत, म्हणून निवड त्यावर करा.

पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. एकाने सीएमव्ही या विषाणूरोगाच्या पानाचा फोटो टाकला, पिवळ्या पट्ट्या पडलेला. दोन मिनिटांनी दुसऱ्याने करप्याच्या पानाचा टाकला. तेवढ्यात कोणी जाणकार लिहितो, ‘झाडं उपटून नष्ट करा.’ सीएमव्हीसाठी हे बरोबर आहे. त्या रोगावर औषध नाही आणि मावा ही कीड तो झाडोझाडी नेते. करप्यात मात्र पानाचा रोगट भाग कापून बुरशीनाशक फवारलं की झाड वाचतं. आता हे उत्तर कोणत्या फोटोला होतं, हे कळलं नाही तर करपावाला आपली वाचण्यासारखी बाग उपटून बसेल. उत्तराला प्रश्न जोडलेला असणं म्हणूनच महत्त्वाचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर हे जोडणं अगदी सोपं आहे. ज्या मेसेजला उत्तर द्यायचं तो बोटाने उजवीकडे सरकवा. लिहायच्या जागेवर त्याची चौकट येते, मग लिहा आणि पाठवा. सरकवणं जमत नसेल तर मेसेज दाबून धरा आणि वर येणारा वळलेला बाण दाबा. वाचणाऱ्याने त्या चौकटीवर बोट ठेवलं की तो थेट मूळ मेसेजवर पोचतो. आणखी एक फायदा असा, की विचारणाऱ्याने गट म्यूट केलेला असला तरी त्याच्या मेसेजला जोडून दिलेल्या उत्तराची सूचना त्याला जाते. दिवसभर शंभर मेसेज येणाऱ्या गटात म्यूट तर सगळेच करतात.

टेलिग्रामवर हेच डावीकडे सरकवून होतं. दोन्ही अ‍ॅप वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, तेव्हा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. म्यूट गटात कोणी तुम्हाला उत्तर दिलं तर यादीत गटाच्या नावाशेजारी @ दिसतं. गट उघडून ते चिन्ह दाबलं की नेमकं तेच उत्तर समोर येतं.

इथपर्यंत दोघं बरोबरीत. फरक पडतो तो लांब मेसेजला उत्तर देताना. समजा कोणी विचारलं, ‘मृगबागेत (जून-जुलैच्या लागवडीत) सहावा आठवडा चालू आहे. ठिबकमधून युरिया किती द्यायचा? पोटॅश आताच सुरू करायचं का? आणि पिलं (बुंध्याशी फुटणारे कोंब) कधी कापायची?’ एका मेसेजमध्ये तीन प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवर सरकवलं तर अख्खा मेसेज जोडला जातो आणि चौकटीत त्याच्या वरच्या ओळी तेवढ्या दिसतात. खाली कोणी ‘साडेचार किलो’ एवढंच लिहिलं, तर ते युरियाचं की पोटॅशचं?

टेलिग्रामवर मेसेजमधला हवा तेवढाच भाग उचलता येतो. ही सोय २०२३च्या अखेरीस आली, तेव्हा अ‍ॅप जुनं असेल तर आधी अपडेट करा. मेसेज उत्तरासाठी घ्या, लिहायच्या जागेच्या वर जी पट्टी येते तिच्यावर दाबा, मूळ मजकूर उघडला की हवं ते वाक्य बोटाने निवडा आणि कोटचा पर्याय दाबा. चौकटीत फक्त ‘युरिया किती द्यायचा?’ एवढंच राहतं. तीन प्रश्नांना तीन वेगवेगळी उत्तरं, प्रत्येकाच्या डोक्यावर आपापला प्रश्न. सल्ल्याच्या गटासाठी याहून मोलाची सोय दुसरी नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर याची भरपाई करता येते, थोडी खटपट आहे. मेसेज सरकवून जोडा. मग ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह, एक मोकळी जागा आणि त्यापुढे ज्या प्रश्नाला उत्तर देताय तो प्रश्न लिहा. पाठवल्यावर ती ओळ उभ्या रेघेसह वेगळी दिसते. पुढच्या ओळीत उत्तर. चिन्हानंतरची मोकळी जागा विसरली तर ते चिन्ह तसंच छापलं जातं, नव्या माणसाचं बहुतेक वेळा इथेच अडतं.

अ‍ॅप कोणतंही असो, उत्तरात एकक लिहायलाच हवं, ते काम चौकट करत नाही. आपल्याकडे ठिबकचा डोस हजार झाडांवर सांगतात. दीड बाय दीड मीटर अंतरावर एकरात साधारण १७८० झाडं बसतात. ‘साडेचार किलो’ हजार झाडांसाठी असेल तर एकराला आठ किलो होतात. वाचणाऱ्याने तेच एकरी धरलं तर बागेला निम्म्याच्या आसपास खत मिळेल. म्हणून ‘हजार झाडांना, आठवड्याला’ हे शब्द उत्तरातच हवेत. भावाचंही तसंच. ‘आज काय भाव शे (आहे)?’ याला नुसता आकडा टाकू नका. नवतीचा (पहिल्या पिकाचा) की पिलबागेचा (पिलांवर घेतलेल्या पुढच्या पिकाचा), रावेरचा की बऱ्हाणपूरचा, हेही लिहा.

फोटोंची गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम पाठवलेल्या फोटोंचा गठ्ठा होतो. तो बाहेरूनच सरकवला तर कोणत्या पानाबद्दल बोलताय ते कळत नाही. गठ्ठा उघडून एकच फोटो निवडा आणि मग उत्तर द्या. व्हॉइस मेसेजला जोडून लिहिताना आधी त्यातला प्रश्न एका ओळीत मांडा. चौकटीत आवाज किती सेकंदांचा एवढंच दिसतं, आत काय विचारलंय ते ऐकल्याशिवाय कोणाला कळणार?

चूक झाली तर व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांत दुरुस्ती करता येते, टेलिग्रामवर ४८ तासांपर्यंत. टेलिग्रामची मुदत सोयीची वाटते, पण डोसच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका. वहीत आकडा उतरवून शेतात गेलेल्याला तुमची दुरुस्ती दिसत नाही. दोन्हीकडे आपल्याच चुकलेल्या मेसेजला जोडून ‘वरचा आकडा चुकला, बरोबर आकडा हा’ असं नव्याने लिहा.

आता निवड. गावातले तीस-चाळीस जण, रोजचा भाव, गाडी कधी येणार, कापणीला मजूर, एवढ्यासाठी गट असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच घ्या. सगळे आधीच तिथे आहेत आणि छोट्या प्रश्नाला सरकवून दिलेलं उत्तर पुरतं. भावाची बोलणी खासगीत करायची असतील तर मेसेज निवडून तीन ठिपक्यांतून खासगी उत्तर द्या, प्रश्नाची चौकट सोबत जाते. तालुकाभरातले शेतकरी, रोग, खतं, लांब प्रश्न आणि वर्षभर पुन्हा पुन्हा तीच विचारणा, असं असेल तर टेलिग्राम घ्या. गट काढताना नव्या सभासदांना जुने मेसेज दिसण्याची सेटिंग चालू ठेवा, म्हणजे कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) लावणाऱ्याला पावसाळ्यातली उत्तरं शोधून वाचता येतील. तिथे सभासदांचे फोन नंबरही झाकलेले ठेवता येतात. व्यापारी आणि शेतकरी एकत्र असतील तर ते बरं पडतं.

दोन्ही गट चालवणार असाल तर एक खबरदारी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर फॉरवर्ड केलं की त्याच्या डोक्यावरची प्रश्नाची चौकट गळून पडते. प्रश्न आणि उत्तर दोन्ही निवडा आणि एकदमच पुढे पाठवा.